किनाऱ्यावर दाटी, समुद्रात पांगापांग : सील प्राण्यांचे समाजजीवन आणि सागरसंचार

दोन घरांचा प्राणी

सील हा सस्तन प्राणी समुद्रात खातो आणि कोरड्यावर वितो. देवमासे आणि डॉल्फिन यांनी जमिनीशी असलेला संबंध कायमचा तोडला. त्यांची पिल्ले पाण्यातच जन्मतात. सीलच्या पिल्लाला मात्र जन्मासाठी पुळण, खडक किंवा बर्फ लागतो. जिथे पिल्लू सुरक्षित असते तिथे आईला पुरेसे अन्न नसते, आणि जिथे अन्न असते तिथे तान्हे पिल्लू टिकत नाही. किनाऱ्यावरची दाटी, नरांच्या झुंजी, माद्यांचे उपास आणि हजारो किलोमीटरचे एकाकी प्रवास या सगळ्यांच्या मुळाशी हीच ओढाताण आहे. त्यामुळे समुद्रातला सील समजून घ्यायचा तर सुरुवात किनाऱ्यापासूनच करावी लागते.

सील हे नाव व्यापक अर्थाने तीन कुळांतील प्राण्यांना लावले जाते. पहिले कुळ खऱ्या सीलचे. त्यांना बाहेरून दिसणारे कान नसतात. ते मागच्या वल्ह्यांनी पोहतात आणि जमिनीवर पोटावर सरपटतात. दुसरे कुळ जलसिंह आणि फर सील यांचे. त्यांना लहान बाह्यकर्ण असतात. ते पुढच्या वल्ह्यांनी पोहतात आणि मागची वल्ही पोटाखाली वळवून जमिनीवर बऱ्यापैकी चालू शकतात. तिसऱ्या कुळात वॉलरस ही एकच जाती उरली आहे. तिन्ही कुळे मिळून आज सुमारे ३३ जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक थंड पाण्यात, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांच्या वरच्या अक्षांशांत राहतात, कारण मासे, माकूल आणि क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) यांची रेलचेल त्या पाण्यात असते.

या जातींपैकी समुद्रातील हालचालींच्या दृष्टीने सर्वांत बारकाईने अभ्यासलेला प्राणी म्हणजे ईशान्य पॅसिफिकमधील उत्तरी हत्ती सील. तो मोठा आहे, यंत्र अंगावर सहज वागवतो, आणि दरवर्षी ठरावीक वेळी त्याच पुळणीवर परततो, म्हणजे यंत्र परत मिळते. म्हणून पुढील विवेचनात तो मुख्य उदाहरण आहे. इतर जाती तुलनेसाठी येतात.

साठवण आणि फेऱ्या

पिल्लू वाढवताना अन्नाचा प्रश्न सोडवण्याचे दोन मार्ग सीलकुळांत दिसतात. खऱ्या सीलपैकी अनेक जातींच्या माद्या समुद्रात भरपूर खाऊन चरबी साठवतात, मग किनाऱ्यावर किंवा बर्फावर येऊन वितात आणि दूध पाजण्याचा सारा काळ त्या उपाशी काढतात. दूध अतिशय स्निग्ध असते आणि काळ थोडा असतो. उत्तरी हत्ती सीलची मादी सुमारे चार आठवडे पाजते, हार्प सीलची मादी जेमतेम १२ दिवस. उत्तर अटलांटिकमधील हूडेड सील तर सुमारे चार दिवसांतच पिल्लाचे दूध तोडते. सस्तन प्राण्यांत याहून छोटा काळ माहीत नाही. तुटणाऱ्या, वाहत्या बर्फावर जन्मलेल्या पिल्लासाठी ही घाई उपयोगाची असते.

जलसिंह आणि फर सील यांच्या माद्यांना एवढी साठवण करता येत नाही. त्या विणीनंतर काही दिवस पिल्लापाशी राहतात आणि मग समुद्राच्या फेऱ्या सुरू करतात : काही दिवस शिकार, एक-दोन दिवस किनाऱ्यावर दूध, पुन्हा शिकार. हा क्रम अंटार्क्टिक फर सीलमध्ये चार महिने चालतो. गॅलापागोसच्या जलसिंहांत पिल्लू दोन-तीन वर्षेही पिते. या पद्धतीत आईची शिकारीची जागा किनाऱ्यापासून फार दूर असून चालत नाही.

आणखी एक अडचण इथे उभी राहते. शेकडो पिल्लांच्या गर्दीत परतलेल्या आईला आपले पिल्लू सापडले पाहिजे, आणि पिल्लाला आई. दुसऱ्याच्या पिल्लाला माद्या बहुधा चावून हुसकावतात. हा प्रश्न आवाजाने सुटतो. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील ॲमस्टरडॅम बेटावर फ्रेंच संशोधकांनी उपअंटार्क्टिक फर सीलचा अभ्यास केला. तिथली आई एका फेरीला दोन-तीन आठवडेही बाहेर असते. पिल्लू जन्मल्यापासून दोन ते पाच दिवसांत आईची हाक ओळखू लागते, आणि ती ओळख पटेपर्यंत आई पहिल्या फेरीला निघत नाही, असे २००१ मध्ये त्यांनी दाखवले. बेरिंग समुद्रातील प्रिबिलोफ बेटांवरच्या उत्तरी फर सीलमध्ये आई आणि पिल्लू एकमेकांचा आवाज चार वर्षांनंतरही ओळखतात, हेही सिद्ध झाले आहे. समुद्रातल्या विरहावर या कुळाने काढलेला तोडगा म्हणजे ही स्मृती.

पुळणीवरची सत्ता

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर आन्यो न्यूएवो नावाचे बेट आणि त्याला लागून भूशिर आहे. हत्ती सील तिथे १९५५ मध्ये पुन्हा दिसू लागले, १९६१ मध्ये बेटावर पहिले पिल्लू जन्मले आणि १९७५ मध्ये समोरच्या मुख्य भूमीवर. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्नी ल बफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या सीलवर खुणा करून त्यांची आयुष्ये नोंदवली. आज या प्राण्याविषयी जे ठामपणे सांगता येते त्याचा मोठा भाग या एका वसाहतीतून आला आहे.

डिसेंबरमध्ये प्रौढ नर किनाऱ्यावर येतात. पूर्ण वाढलेला नर दोन टनांच्या आसपास भरतो, मादी ४०० ते ८०० किलोंची असते. नर छाती वर उचलून, सोंडेसारखे नाक लोंबवत, ठोके पडावेत तसा गंभीर आवाज काढतात. काही झुंजी रक्तबंबाळ होतात, पण बहुतेक वाद आवाजावरच मिटतात. प्रत्येक नराच्या हाकेला स्वतःचा ताल आणि स्वतःचा पोत असतो. पूर्वी कोणाकडून मार खाल्ला आहे हे लक्षात ठेवून दुबळा नर ती हाक ऐकताच बाजूला होतो. अनोळखी हाकेला मात्र तो तसा दबत नाही. या नात्यातून वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड तयार होते. तिच्या टोकाला असलेला नर माद्यांच्या जनानखान्यावर ताबा ठेवतो आणि त्या हंगामातील बहुतेक मीलने मोजक्या नरांच्या वाट्याला येतात. बाकीचे अनेक नर आयुष्यभर एकाही पिल्लाचे बाप होत नाहीत. जागा सोडली तर सत्ता जाते, म्हणून वरिष्ठ नर तीन महिन्यांपर्यंत काही न खाता तिथेच पडून राहतात.

माद्यांची दाटी ही मैत्री नव्हे. शांत पुळणी थोड्या असतात, आणि एकट्या मादीला कनिष्ठ नरांचा उपद्रव अधिक होतो. घोळक्यात तो वाटला जातो. किनाऱ्यावर आल्यावर आठवड्याभरात मादी एका पिल्लाला जन्म देते. सुमारे ३५ किलोंचे पिल्लू चार आठवड्यांत १३० किलोंच्या घरात जाते, तर आई आपल्या वजनाचा मोठा हिस्सा गमावते. दूध तोडण्याच्या बेतात तिचे मीलन होते आणि ती समुद्रात निघून जाते. नव्या गर्भाची वाढ लगेच सुरू होत नाही. भ्रूण तीन-चार महिने गर्भाशयात न रुजता थांबतो. त्यामुळे पुढची वीण वर्षभराने, पुन्हा त्याच हंगामात होते. समुद्रभर विखुरलेले प्राणी वर्षातून एकदा एकाच वेळी जमतात, यामागे शरीराची ही घडीही आहे.

मागावरची यंत्रे

समुद्रात गेलेला सील पुढे काय करतो, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अंधारात होते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेराल्ड कूयमन यांनी १९६४ मध्ये अंटार्क्टिकातील मॅकमर्डो साउंड येथे वेडेल सीलच्या पाठीवर खोली आणि वेळ नोंदवणारे साधन बसवले. त्यात स्वयंपाकघरात वापरतात तसला टायमर होता. पुढे इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रे आली आणि उपग्रहाशी बोलणारे प्रेषक आले. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, म्हणून प्रेषक डोक्यावर किंवा मानेवर चिकटवतात. सील श्वासाला वर आला की जागेचा ठाव लागतो. प्राणी वर्षातून एकदा केस टाकतो तेव्हा यंत्र आपोआप गळून पडते.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या सागरी सस्तन प्राणी संशोधन विभागाने तापमान आणि क्षारताही मोजणारे प्रेषक घडवले. दक्षिणी हत्ती सीलने अशा यंत्रांसह बर्फाखालच्या आणि बर्फाकाठच्या ज्या पाण्यात नोंदी केल्या, तिथे हिवाळ्यात जहाज पोहोचत नाही. अशा प्राण्यांकडून आलेल्या खोलीनिहाय नोंदींची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आहे. पूर्व अंटार्क्टिकातील केप डार्न्लीजवळ जड, थंड तळपाणी तयार होते हे २०१३ मध्ये जाहीर झाले, तेव्हा पुराव्यात सीलच्या नोंदीही होत्या. ही जागा प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेला आहे; याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांत, भारताचे भारती हे स्थानक आहे.

वर्षातून दोन फेऱ्या

हत्ती सीलचे वर्ष चार भागांत विभागलेले असते : वीण, छोटी सागरफेरी, केस टाकणे आणि लांब सागरफेरी. विणीनंतर मादी सुमारे अडीच महिने समुद्रात खाते. वसंतात ती पुन्हा पुळणीवर येते आणि महिनाभर उपाशी राहून केसांसह कातडीचा वरचा थर टाकते. त्यानंतरची फेरी सात-आठ महिन्यांची असते आणि ती गर्भारपणाचा काळ व्यापते. नरांच्या दोन्ही फेऱ्या साधारण चार-चार महिन्यांच्या असतात. संशोधक ब्रेंट स्टुअर्ट आणि रॉबर्ट डिलाँग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार नर वर्षाला सुमारे २१,००० किलोमीटर आणि मादी सुमारे १८,००० किलोमीटर प्रवास करते. एका वर्षात दोनदा असे दूरचे स्थलांतर करून परतणारा दुसरा सस्तन प्राणी तोवर नोंदला गेला नव्हता.

नर आणि मादी यांचे रस्ते वेगळे असतात. नर किनाऱ्याच्या कडेने वायव्येला, अलास्काच्या आखाताकडे आणि अल्यूशन बेटांकडे जातात. तिथे भूखंडमंचाच्या काठावर आणि खंडान्त उतारावर ते तळाशी राहणारे मोठे भक्ष्य शोधतात. माद्या खुल्या महासागरात पसरतात. थंड आणि उबदार पाणी जिथे मिळते त्या पट्ट्यात त्यांची गर्दी अधिक असते, पण ही गर्दी नकाशावरची आहे. दोन शेजारणींमध्ये प्रत्यक्षात पुष्कळ अंतर असू शकते. नरांना काठावर अन्न लवकर आणि मुबलक मिळते, पण शार्क आणि ऑर्का (किलर व्हेल) यांचा वावरही तिथेच असतो, त्यामुळे त्यांचा मृत्युदर माद्यांच्या कित्येक पट आहे. प्रचंड शरीर कमावल्याशिवाय नराला पुळणीवर जागा नाही, म्हणून तो हा धोका पत्करतो. मादीला वर्षाला एक पिल्लू वाढवायचे असते. तिला संथ पण कमी धोक्याचा मार्ग परवडतो. किनाऱ्यावरच्या सत्तेची स्पर्धा अशी हजारो किलोमीटर दूरच्या रस्त्यांनाही वळण देते.

हे प्रवास एकत्र होत नाहीत. एकाच पुळणीवरून एकाच दिवशी निघालेल्या माद्यांचे मार्ग थोड्याच काळात फुटतात. पण एकच मादी वर्षानुवर्षे बहुधा त्याच भागाकडे वळते. म्हणजे रस्ता कळपाचा नसतो, तो त्या त्या प्राण्याचा असतो.

खोल पाण्यातील दिवस

उत्तरी हत्ती सील समुद्रात असताना सुमारे ९० टक्के वेळ पाण्याखाली असतो. एक बुडी साधारण २० ते २५ मिनिटांची, खोली ४०० ते ६०० मीटर, वर श्वासाला दोन-तीन मिनिटे, की पुन्हा खाली. दिवसाला सुमारे ६० बुड्या, महिनोन्‌महिने. दीड किलोमीटरहून खोल बुड्याही नोंदल्या गेल्या आहेत. दक्षिणी हत्ती सीलची नोंद दोन किलोमीटरच्या पुढे आणि दोन तासांपर्यंत पोहोचली आहे. बुडी मारताना तो फुप्फुसांतील हवा बाहेर सोडतो. लागणारा ऑक्सिजन रक्तात आणि स्नायूंतील मायोग्लोबिनमध्ये साठलेला असतो. हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तपुरवठा मुख्यतः आवश्यक अवयवांपुरता राखला जातो.

या खोलीवर प्रकाश जवळजवळ नसतो. मादीचे भक्ष्य म्हणजे लँटर्नफिशसारखे बोटाएवढे मासे आणि माकूल. जबड्याच्या हालचाली मोजणाऱ्या यंत्रांवरून २०२१ मध्ये असे दिसले की मादी दिवसातील २० ते २४ तास शिकारीत घालवते आणि एक ते दोन हजार लहान मासे पकडते. एवढ्या मोठ्या शरीराला एवढे छोटे घास पुरवायचे तर थांबायला उसंत राहत नाही. भक्ष्य विखुरलेले, प्रत्येक घास एकट्याने गिळण्याजोगा. अशा शिकारीत जोडीदाराची मदत उपयोगाची नसते. हत्ती सीलच्या सागरी एकांताचे सर्वांत सरळ कारण हेच आहे.

झोपही याच वेळापत्रकात बसवलेली असते. डोक्यावर मेंदूचे विद्युत्‌लेखन करणारी टोपी बसवून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रात मादी दिवसाला सरासरी फक्त दोन तास झोपते, तेही दहा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत आणि बुडी मारूनच. किनाऱ्यावर ती दहा तासांहून अधिक झोपते. शिकारी ज्या वरच्या थरात फिरतात तो ओलांडल्यावर ती पोहणे थांबवते. गाढ झोपेनंतर स्वप्नझोप सुरू झाली की स्नायू सैल पडतात, शरीर उलटे होते आणि गळलेल्या पानासारखे गिरक्या घेत खाली जाते. अशा तरंगत्या बुड्यांत ती किती वेगाने खाली जाते यावरून शरीरातील चरबीचे प्रमाण कळते. चरबी वाढली की बुडण्याचा वेग कमी होतो. त्यामुळे समुद्रातील कोणत्या भागात प्राणी धष्टपुष्ट होतो, हे त्याला न पकडताही सांगता येते.

उत्तरी फर सीलची रीत वेगळी. तो पृष्ठभागावर कुशीवर तरंगत झोपतो. मेंदूचा एक भाग झोपतो तेव्हा दुसरा जागा राहतो, आणि पाण्यात असताना त्याची स्वप्नझोप जवळजवळ बंद होते.

दिशा आणि परतीची वेळ

गर्भार मादीला परतताना चूक परवडत नाही. फार लवकर आली तर खाण्याचे दिवस वाया जातात, उशीर झाला तर पिल्लू पाण्यात जन्मेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० हून अधिक माद्यांच्या सुमारे २४० दिवसांच्या फेऱ्या तपासल्या गेल्या. किनाऱ्यावर पोहोचल्यापासून साधारण पाच दिवसांत त्यांची वीण झाली. जी मादी दूर होती तिने आधी पाठ फिरवली, जी जवळ होती तिने नंतर. म्हणजे तिला काळाचे भान असते आणि घरापासूनच्या अंतराचेही.

हे भान कोणत्या खुणांवर चालते याचे धागेदोरे बंदिस्त हार्बर सीलवरील प्रयोगांतून मिळाले. जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की शिकवलेला हार्बर सील कृत्रिम आकाशातील ठरावीक तारा ओळखून त्या दिशेला पोहतो. त्याआधी २००१ मध्ये, डोळे झाकलेल्या आणि कान बंद केलेल्या सीलने छोट्या यांत्रिक पाणबुडीने मागे ठेवलेले पाण्यातील कंप मिशांनी टिपून तिचा मार्ग बिनचूक काढला होता. पुढील प्रयोगांत एका सीलने दुसऱ्या सीलचा मागही असाच काढला. हार्बर सीलच्या मिशीचा केस नागमोडी असतो. त्यामुळे स्वतःच्या पोहण्याने तो फारसा थरथरत नाही आणि माशाने किंवा दुसऱ्या सीलने उठवलेला भोवरा वेगळा कळतो. अंधाऱ्या पाण्यात दुसऱ्याची चाहूल लागण्याचे हे साधन आहे.

समुद्रातील गाठीभेटी

सगळेच सील हत्ती सीलसारखे एकांडे नसतात. किती दूर जावे आणि कोणाच्या सोबतीने, हे अन्न कसे पसरले आहे यावर अवलंबून असते.

हार्बर सील बहुधा आपल्या विश्रांतीच्या खडकांपासून काही दहा किलोमीटरच्या आत शिकार करतो. करडा सील त्याहून दूर जातो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील फार्न बेटे आणि स्कॉटलंडचा पूर्व किनारा इथल्या करड्या सीलच्या उपग्रह नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत बहुतेक फेऱ्या दोन-तीन दिवसांच्या होत्या, सरासरी ४० किलोमीटरच्या टप्प्यातील. आणि १०० पैकी ८८ फेऱ्यांत प्राणी निघालेल्या जागीच परतला. मात्र काही प्राण्यांनी हजारो किलोमीटरही कापले. मानवी बांधकामेही त्यांनी आपल्या नकाशात घेतली आहेत. उत्तर समुद्रातील पवनचक्क्यांच्या क्षेत्रांत काही सील एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे सरळ रेषेत, चौकटीच्या रेघांवरून चालावे तसे फिरताना २०१४ मध्ये नोंदले गेले. खांबांच्या तळाशी जमणारे मासे हे त्याचे कारण मानले जाते.

दोन सील समुद्रात भेटतात का, याचे उत्तर साध्या प्रेषकातून मिळत नाही. कॅनडातील सेबल बेटाच्या करड्या सीलवर म्हणून संकेत पाठवणारे आणि दुसऱ्याचे संकेत पकडणारे असे दुहेरी यंत्र बसवले गेले. किनाऱ्यापासून दूर, मासळीने समृद्ध अशा समुद्रतळाच्या उथळ उंचवट्यांवर खुणा केलेले सील वारंवार एकमेकांच्या जवळ आलेले दिसले. याचा अर्थ त्यांनी मिळून शिकार केली असा नाही. चांगल्या जागी सगळेच ओढले जातात. पण एकाच्या वर्तनावरून दुसऱ्याला अन्नाचा सुगावा लागण्याची वाट अशा भेटींतून मोकळी होते.

अंटार्क्टिकातील क्रॅबईटर सील क्रिलवर जगतो. क्रिल दाट थव्यांनी असतात, आणि हा सीलही गटाने पोहताना, एकाच वेळी श्वासाला वर येताना दिसतो. एकाकी समजला जाणारा लेपर्ड सीलही भक्ष्य भरपूर असेल तिथे शेजारी सहन करतो. दक्षिण जॉर्जिया बेटापाशी राजा पेंग्विनच्या वसाहतीसमोर ३० हून अधिक लेपर्ड सील एकत्र दिसले, आणि दोन सील एकच पेंग्विन मिळून खातानाही टिपले गेले. खरे सहकार्य जलसिंहांत आढळते : गॅलापागोसच्या इसाबेला बेटाजवळ काही जलसिंह चपळ टूना माशांना हाकत अरुंद खाडीत आणतात आणि तिथे कोंडून पकडतात. एकट्याला न झेपणारे मोठे भक्ष्य आणि कोंडण्याजोगा किनारा, या दोन्ही गोष्टी असल्या की असे सहकार्य परवडते.

वॉलरसचे समाजजीवन सर्वांत घट्ट. त्याचे अन्न म्हणजे उथळ तळातील शिंपले, आणि विश्रांतीची जागा म्हणजे त्या उथळ पाण्यावरचा बर्फ. घर आणि ताट जवळ असल्याने कळप मोडत नाही. पिल्लू दोन वर्षे किंवा अधिक काळ आईच्या सोबत पोहते.

पाण्याखालचे आवाज

जमिनीवर मीलन करणाऱ्या सीलची स्पर्धा पुळणीवर चालते. खऱ्या सीलच्या अनेक जातींचे मीलन मात्र पाण्यातच होते, आणि त्यांची स्पर्धाही तिथेच. पाण्यात माद्यांना कोंडून ठेवता येत नाही, म्हणून नर आवाजाचा आधार घेतात. स्कॉटलंडच्या मोरे फर्थमध्ये हार्बर सीलचे नर वीण-हंगामात लांबच्या फेऱ्या थांबवतात, माद्यांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर छोट्या बुड्या मारतात आणि पाण्याखाली घोगरी गर्जना करतात. आर्क्टिकमधील बिअर्डेड सीलचा नर लांब, उतरत्या सुरांची तान घेतो. ती पाण्यातून कित्येक किलोमीटर ऐकू जाते, आणि एकाच नराची तान अनेक वर्षे त्याच भागात नोंदली गेली आहे.

वेडेल सील अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फाखाली राहतो. बर्फातील भेगा आणि दातांनी खरवडून उघडी ठेवलेली छिद्रे हीच श्वासाची ठिकाणे. माद्या भेगेकाठी पिल्ले घालतात. नर भेगेखालच्या पाण्यावर हक्क सांगतात आणि तिथून इतर नरांना हुसकावतात. या जातीचे तीसहून अधिक प्रकारचे आवाज ओळखले गेले आहेत. श्वासाचे छिद्र ही मोजकी संपत्ती असल्यामुळे पाण्यातही हद्दी निर्माण झाल्या. जिथे पुळण मोजकी तिथे पुळणीवर, जिथे छिद्र मोजके तिथे छिद्राखाली.

पिल्लांची पहिली फेरी

हत्ती सीलची आई दूध तोडून निघून गेल्यावर पिल्लू दोन-अडीच महिने किनाऱ्यावरच राहते. सोबत इतर पिल्ले असतात, पण शिकवणारे कोणी नसते. साठलेल्या चरबीवर जगत ते उथळ पाण्यात पोहण्या-बुडण्याचा सराव करते आणि वसंतात एकटेच समुद्रात शिरते. काही महिन्यांनंतर ते परतते ते बहुधा जन्मस्थळाच्या आसपासच. निम्म्याहून अधिक पिल्ले पहिल्या वर्षात मरतात. रस्ता दाखवायला कोणी नसताना ते दूर जाऊन येते, यावरून दिशाज्ञानाचा मोठा भाग उपजत असला पाहिजे.

हार्बर सीलचे पिल्लू जन्मल्यावर काही तासांतच आईबरोबर पोहू लागते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर जन्मलेल्याला दुसरा पर्याय नसतो. वेडेल सीलची मादी सहा-सात आठवडे पाजते आणि या काळात पिल्लाबरोबर पाण्यात उतरते. बर्फाखाली छिद्र शोधून परतणे हे त्या पिल्लाला आईच्या सोबतीतच साधू लागते.

दाटीची किंमत

दाटी आणि पांगापांग या दोन्ही अवस्थांचे धोके निराळे आहेत. एकोणिसाव्या शतकात चरबीच्या तेलासाठी उत्तरी हत्ती सील मारले गेले. जहाजांना ते समुद्रात शोधावे लागले नाहीत. पुळणीवर जमलेले प्राणी सहज हाती लागले. शतकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर शंभराहूनही कमी प्राणी उरल्याचा अंदाज आहे. मेक्सिकोने १९२२ मध्ये त्या बेटाला संरक्षण दिले, पुढे अमेरिकेनेही दिले, आणि आज त्यांची संख्या दोन लाखांवर गेली आहे. शिकारीच्या काळातही काही प्राणी नेहमीच समुद्रात असत, त्यामुळे किनाऱ्यावर ते कधीच सगळे एकत्र सापडले नाहीत, हेही जाती टिकण्यास उपयोगी पडले.

रोगाच्या बाबतीत दाटी अधिक घातक ठरते. १९८८ मध्ये उत्तर समुद्रात डिस्टेंपर गटातील विषाणूने १८,००० हून अधिक हार्बर सील दगावले. २००२ मध्ये पुन्हा साथ आली आणि मृतांचा आकडा २०,००० च्या पुढे गेला. दोन्ही साथींची सुरुवात डेन्मार्कच्या आनहोल्ट बेटावर झाली. दूरच्या वसाहतींना जोडणारा करडा सील या विषाणूने फारसा मरत नाही, म्हणून तो वाहक असावा असे मानले जाते. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या व्हाल्देस द्वीपकल्पावर एच५एन१ बर्ड फ्लूने दक्षिणी हत्ती सीलची त्या हंगामातील बहुतेक सर्व, म्हणजे सुमारे १७,००० पिल्ले मारली. साथ नेमकी विणीच्या दाटीत शिरली होती.

समुद्रातील धोके याउलट विखुरलेले आणि संथ असतात : मासेमारीची जाळी, जहाजांचा गोंगाट, तापलेल्या पाण्यामुळे सरकणारे अन्नाचे पट्टे. ज्या जाती बर्फावर वितात त्यांच्यासाठी बर्फ वेळेआधी फुटणे म्हणजे दूध तोडण्याआधीच पिल्लाची जागा जाणे. पुळण राखली की हत्ती सील वाढतो, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. पण त्याची फेरी अनेक देशांच्या सागरी हद्दी आणि खुला महासागर ओलांडते, आणि तिथे कुंपण घालता येत नाही. म्हणून आजच्या संवर्धन योजनांत वसाहतींच्या नकाशाबरोबर फेऱ्यांचे नकाशेही वापरले जातात : कोणत्या महिन्यात, कोणत्या लिंगाचे, कोणत्या वयाचे प्राणी कुठे असतात. जहाजांच्या वाटा, पवनचक्क्यांच्या जागा आणि मासेमारीचे हंगाम ठरवताना हा तपशील लागतो.